जशी वाट, तसा जोडा

खानदेशात चालणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. ज्येष्ठ लागला की मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत सुमारे महिनाभर चालून पंढरपूर गाठते. चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावागावांतून माणसं जथ्याजथ्यानं सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. पावसाळा लागला की पाटणादेवीच्या आणि मनुदेवीच्या वाटांवर तरुणांची गर्दी होते, काही जण तोरणमाळ गाठतात. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. आणि गेल्या काही वर्षांत थंडीत हिमालयातल्या बर्फात जाणारेही आपल्याकडे वाढले आहेत.

एवढ्या सगळ्यांचा भार ज्यावर असतो तो जोडा मात्र बहुतेक वेळा पाच मिनिटांत घेतला जातो. रंग बघायचा, भाव करायचा, दुकानात दोन पावलं टाकायची, झालं. मग तिसऱ्या दिवशी टाचेला फोड, आठव्या दिवशी अंगठ्याचं नख काळं, आणि परत आल्यावर ‘आपल्याला काही चालणं जमत नाही’ असा निष्कर्ष. पाय चांगले असतात, जोडा चुकलेला असतो. या लेखात तोच प्रश्न मुळापासून बघायचा आहे: कुठल्या पायाला, कुठल्या वाटेला आणि किती सवय असलेल्या माणसाला कोणता जोडा.

सुरुवात मापापासून. आपल्याकडे बुटावर जो ७, ८, ९ असा आकडा असतो तो इंग्रजी पद्धतीचा. त्यात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढते. त्याच डब्यावर ४१, ४२, ४३ असे युरोपीय आकडेही असतात, त्यांतलं अंतर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही पद्धती पायाचं नव्हे, तर बूट ज्या साच्यावर बनतो त्या साच्याचं माप सांगतात, आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. म्हणून एका कंपनीचा आठ नंबर सैल होतो आणि दुसऱ्या कंपनीचा आठ चावतो. ‘माझा नंबर आठ’ हे वाक्य दुकानात फारसं कामाचं नाही. कामाची आहे ती पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि चवड्याची रुंदी.

रुंदीकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही, आणि खरा घोटाळा तिथेच आहे. भारतीय पाय सर्वसाधारणपणे युरोपीय पायापेक्षा चवड्यात रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय यंत्रानं मापं घेतली, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. त्यावरून भारतीयांसाठी ‘भा’ नावाची मापपद्धती सुचवली गेली, वयोगट आणि स्त्री-पुरुष यांनुसार आठ गटांची. याच पाहणीत दिसलं की मुलींच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असते. ही मापं दुकानांतून सर्रास मिळू लागली तर फार मोठी सोय होईल. तोपर्यंत आपलं माप आपणच घ्यायचं.

ते घ्यायला कागद आणि पेन्सिल पुरते. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून-चालून पाय थोडा फुगलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं. बसून नाही, उभं राहून, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. जे मोजे घालून चालणार तेच मोजे घालायचे. दुसऱ्या कुणाला पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड काढायला सांगायचं. टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याचा सगळ्यांत रुंद भाग मोजायचा. हे दोन्ही पायांचं करायचं. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असणारा माणूस विरळा. माप मोठ्या पायाचं धरायचं, लहान पायाला हवं तर एक जादा पातळ तळवा घालता येतो.

ज्यांनी पंचविसाव्या वर्षी घेतलेला नंबर पंचावन्नाव्या वर्षीही धरून ठेवला आहे त्यांना विशेष सांगणं: वयाबरोबर तळव्याची कमान सैलावते, पाऊल लांब आणि रुंद होतं. बाळंतपणानंतरही अनेक बायकांचा पाय वाढतो आणि तो पुन्हा कमी होत नाही. वारीला जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक कितीतरी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पाय शेवटचा कधी मोजला हे त्यांनाही आठवणार नाही.

बायकांच्या जोड्यांची तर वेगळीच तक्रार आहे. ‘लेडीज’ म्हणून जे बूट मांडलेले असतात त्यांचा चवडा निमुळता, सोल पातळ आणि रंग मात्र दहा. आयुष्यभर शेतात अनवाणी किंवा साध्या चपलेवर चाललेल्या बाईचा पाय त्यात मावतच नाही. यावर सरळ उपाय म्हणजे पुरुषांच्या फळीवरचा त्याच इंग्रजी नंबरचा जोडा घालून बघायचा. नंबराची लांबी जवळपास तीच असते आणि चवड्याला जागा जास्त मिळते. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता दुकानात. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा पाचकंदील परिसर, दुकानदार घाईत असतो आणि आपणही. तरी चार गोष्टी केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बुटातला आतला तळवा बाहेर काढून त्यावर उभं राहायचं: पाऊल कडेच्या बाहेर सांडत असेल तर तो जोडा अरुंद आहे, मग तो कितीही मऊ लागो. दुसरी गोष्ट, नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवायची, टाचेमागे हाताचं एक बोट आरामात जायला हवं. तिसरी, नाडी नीट बांधून चवड्यावर उभं राहायचं. टाच वर उचलली जात असेल तर फोड ठरलेला. चौथी सगळ्यांत महत्त्वाची आणि कुणीच न करणारी: उतार. दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या, किंवा रस्त्याच्या उतारावर जोरात पाय आपटत दहा पावलं यायचं. बोटं पुढे जाऊन आदळली तर गड उतरताना नख जाणार. जोडा दुकानातच आरामात वाटायला हवा. ‘घालून घालून सैल होईल’ हे कातडी चपलेच्या काळातलं बोलणं होतं. कापड आणि रेक्झिनचे आजचे बूट फारसे सैल होत नाहीत, ते पायालाच आपल्या आकारात आणायला बघतात.

माप जमलं की वाटेचा विचार. इथे खानदेशाचं हवामान आणि जमीन दोन्ही बोलतात.

चैत्रातली गडाची वाट घ्या. धुळ्याहून निघालं की मालेगावपर्यंत मुंबई-आग्रा महामार्ग, मग देवळा-कळवणच्या बाजूनं नांदुरी. डांबरावर दिवसच्या दिवस. हवेत चाळीस-बेचाळीस अंश असले की दुपारचं डांबर साठीच्या घरात जातं. अशा वाटेला जाड, जड, घोट्यापर्यंतचा बूट म्हणजे पायाला वाफ. इथे हवा हलका, जाळीदार, रुंद चवड्याचा आणि चांगल्या मऊ सोलाचा पळण्याचा किंवा चालण्याचा बूट, नाहीतर मागं पट्टा असलेली भक्कम सँडल. नुसती अंगठ्याची चप्पल शंभर किलोमीटरला चालत नाही, कारण ती पायात टिकवायला बोटं सारखी आवळावी लागतात आणि पोटरी भरून येते. सोल बहुधा फेसाचा असतो, वजनाला हलका पण सततच्या वापरानं दबत जाणारा. अंगठ्यानं दाबून बघा: दाब सोडल्यावर खळगा तसाच राहिला तर त्याचं आयुष्य संपलं आहे. शिवाय नुसता चिकटवलेला सोल उन्हानं सुटतो. आपल्याकडची जुनी रीत अगदी शहाणपणाची आहे: नवा बूट घेतला की कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडून चौफेर शिवून घ्यायचा. थोडक्या पैशांत जोड्याचं आयुष्य वाढतं. फक्त टाका आतून पायाला लागत नाही ना हे हात घालून बघायचं.

मुक्ताईच्या वारीचं गणित थोडं वेगळं. उन्हाच्या शेवटात निघायचं आणि वाटेत पाऊस गाठायचा. पहिल्या आठवड्यात घाम, पुढे चिखल. काळी जमीन भिजली की खोल खाचांच्या सोलाला असा चिकटते की दर पावलाला पाव किलो माती उचलावी लागते. म्हणून वारीला खाचा कमी खोल पण अंतरावर असलेला सोल बरा. ओल्यात दिवसभर बूट घालून ठेवला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या वाढल्या की चालणंच थांबतं. अनुभवी वारकरी दोन जोड ठेवतात: चालायला बूट, पावसाला आणि मुक्कामाला सँडल. हे दुसरं ओझं वाटतं, पण ते जीव वाचवतं. मुक्कामावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, रात्री पाय उघडे ठेवायचे. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला मोजाच फोड करतो. नायलॉन-मिश्रित पातळ मोज्यांचे तीन-चार जोड बाळगायचे. जिथं चुरचुरायला लागलं तिथं लगेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड येण्याची वाट बघायची नाही.

अनवाणी चालण्याच्या नवसाबद्दल लिहायलाच हवं. सप्तशृंगी ही खानदेशातल्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी, आणि ‘आई, अनवाणी येईन’ हा नवस आजही बोलला जातो. ज्याचे पाय वर्षभर मातीत असतात त्याला तो झेपतो. त्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एका माणसानं हे करूच नये, आणि तो म्हणजे मधुमेही. बरीच वर्षं साखर असलेल्याच्या तळव्याची संवेदना हळूहळू जाते. त्याला डांबराचा चटका कळत नाही, घुसलेला काटा कळत नाही. संध्याकाळी पाय बघितला तर कातडी सोललेली असते, आणि त्या जखमेचा शेवट कधीकधी बोट किंवा पाय कापण्यात होतो. संवेदना उरली आहे का हे डॉक्टर नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवून मिनिटात सांगू शकतात. ती गेली असेल तर एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळव्याची, मागं पट्टा असलेली चप्पल लागते. कुष्ठरोग निर्मूलनाच्या सरकारी कार्यक्रमात बधिर पायांसाठी हीच चप्पल वर्षानुवर्षं दिली जाते. अशा माणसानं जोडा घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा नाही ना हे बघायचं आणि रात्री आरशात तळवे बघायचे. घरच्या कुणी मधुमेही आईनं किंवा वडिलांनी अनवाणी नवस बोलला असेल तर तो आपण फेडावा, त्यांना तो फेडू देऊ नये.

डोंगराची गोष्ट निराळी. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीच्या माथ्यावरचा कण्हेरगड, ११०० मीटरहून उंच असलेलं तोरणमाळ, सगळीकडे बेसाल्टचा काळा खडक आणि त्यावर सुटा मुरूम. कोरड्यात मुरुमावरून पाय घसरतो, तिथे खाचांचा सोल हवा. श्रावणात शेवाळलेल्या ओल्या खडकावर मात्र खाचांपेक्षा रबर किती मऊ आहे ते महत्त्वाचं. कडक प्लास्टिकचा सोल अशा खडकावर बर्फासारखा घसरतो. घेताना नखानं सोल दाबून बघा, थोडंही दबत नसेल तर ठेवून द्या. सह्याद्रीत भटकणाऱ्यांत ‘ॲक्शन’चे स्वस्त ट्रेकिंग बूट वर्षानुवर्षं नावाजलेले आहेत ते त्यांच्या पकडीमुळेच, दिसण्यामुळे नाही. हल्ली डिकॅथलॉनच्या ‘केचुआ’ बुटांची चलती आहे. तेही चांगले आहेत, पण त्यांचा साचा युरोपीय, म्हणून रुंद पायाच्या माणसानं ते घालून, उतारावर चालून मगच घ्यावेत. नुसता नंबर टाकून घरपोच मागवू नयेत.

आणि इथेच कुवतीचा प्रश्न येतो. नवशिक्याला दुकानदार हमखास सांगतो, ‘घोट्याच्या वरचा घ्या, पाय मुरगळणार नाही.’ मला हे पटत नाही. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा फार महाग पडतं. अभ्यासकांनी मोजलं आहे की पायात घातलेला एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी शक्ती खातो. सव्वा-दीड किलोचा जोडा घालून पहिल्यांदाच डोंगर चढणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाचाच पाय मुरगळतो. घोट्याचं खरं संरक्षण घोट्याच्या स्नायूंत असतं. एका दिवसाच्या भटकंतीला, पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या आणि डबा एवढंच असेल तर, हलका कमी उंचीचा बूट नवशिक्यालाही पुरे. घोट्याच्या वरचा बूट हवा तो पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन तीन-चार दिवस जाणाऱ्याला, किंवा दाट गवतातून चालणाऱ्याला. गवतावरून आठवलं: रात्री केळीच्या बागेला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला कुठलाही ट्रेकिंग बूट नको, त्याला गुडघ्याखालपर्यंतचा रबरी गमबूट हवा. साप चावतो तो बहुतांशी पावलाला आणि घोट्याला. रावेर-यावलच्या पट्ट्यात हा बूट घरोघरी असायला हवा.

पळणाऱ्या पोरांचं थोडक्यात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांना १०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी महागडा बूट लागत नाही. लागतो तो बोटांशी वाकणारा, टाचेत घट्ट आणि अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आतला. नडगीचं दुखणं बुटापेक्षा एकदम वाढवलेल्या सरावानं जास्त येतं. वर्षभर अनवाणी पळून परीक्षेच्या आठवड्यात नवा बूट घालायची चूक मात्र अनेकांना भोवते. ज्यात परीक्षा द्यायची त्यात किमान महिनाभर पळलेलं असावं.

आता बर्फ. गुलमर्ग, औली, मनाली इथे स्कीइंग शिकायला जाणाऱ्या खानदेशी तरुणांना जोडा विकत घ्यावा लागत नाही, तो प्रशिक्षण संस्थेत किंवा भाड्यानं मिळतो. पण निवडावा लागतो, आणि आयुष्यभर चप्पल घातलेल्या माणसाला तो फार परका वाटतो. बाहेरून टणक प्लास्टिकचं कवच, आत मऊ अस्तर, वर तीन-चार खटके. त्याचं माप ‘मोंडोपॉइंट’ पद्धतीत, म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये: २६.५ म्हणजे साडेसव्वीस. घरी कागदावर घेतलेलं माप इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. जाणकार आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतात, बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा राहायला हवी. अस्तर घातल्यावर सरळ उभं असताना बोटं हलकेच टोकाला लागतात आणि गुडघे पुढे वाकवले की सुटतात, ते बरोबर. आपल्याकडचे बहुतेक जण त्रास नको म्हणून मोठा बूट मागतात आणि मग खटके करकचून आवळतात. त्यानं रक्त अडतं, बोटं बधिर होतात, आणि पाय आत फिरत राहिल्यानं स्की ऐकत नाही ती नाहीच.

या बुटांवर कडकपणाचा एक आकडाही लिहिलेला असतो. साधारण ६० ते ९० म्हणजे मऊ, ११०-१३० म्हणजे कडक. शिकणाऱ्यानं मऊच मागायचा. कडक बूट वेगात जाणाऱ्या, गुडघे दाबून वळणाऱ्या कसबी माणसासाठी असतो. नवशिक्याचा घोटा त्यात पुढे वाकतच नाही, तो मागे झुकतो आणि पडतो. कंपन्यांचे आकडे एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून घालून, गुडघा पुढे दाबून बघणं हाच खरा उपाय. मोजा एकच घालायचा, पातळ लोकरी, लांब. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे घालणं ही हमखास होणारी चूक आहे, कारण आवळलेला पाय जास्त गारठतो.

राहता राहिली ठेवण. बरेच जण चांगला ट्रेकिंग बूट कपाटात जपून ठेवतात, वर्षातून एकदा बाहेर काढतात आणि दुसऱ्याच दिवशी सोल पुठ्ठ्यासारखा गळून पडतो. यात फसवणूक नसते. अनेक बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं आणि ते हवेतल्या दमटपणानं वापर न करताही आतून कुजतं, पाच-सहा वर्षांत भुगा होतं. म्हणून बूट जपण्यापेक्षा वापरणं बरं, आणि लांबच्या प्रवासाआधी जुना जोडा घरीच दोन-चार दिवस घालून चालून बघणं आवश्यक. ओला बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून सावलीत ठेवावा.

दिंडी काढणाऱ्या मंडळींना आणि गडाच्या पदयात्रा नेणाऱ्या मंडळांना एक विनंती. निघण्याच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी सगळ्यांना मंदिरात बोलवा. कागदावर पाय काढा, लांबी-रुंदी लिहून प्रत्येकाच्या हातात द्या, गावातल्या डॉक्टरांना बोलावून मधुमेह असलेल्यांचे तळवे तपासून घ्या, आणि एका गटई कामगाराला बसवून सगळ्यांचे सोल शिवून घ्या. खर्च फार नाही. आणि ज्यांना यंदा निघायचं आहे त्यांनी नवा जोडा आजच घ्यावा, रोज तासभर घालून चालावं. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेला जोडा कितीही महाग असला तरी घरीच ठेवावा.